रस्त्यावरील दुबळ्यांचा हक्क व शेतकऱ्याचे दुहेरी कर्तव्य

पक्क्या सडकेने खेड्याचे मोठे हित केले आहे, ही गोष्ट कोणीही नाकारणार नाही. पहाटे काढलेले दूध उजाडण्यापूर्वी संकलन केंद्रावर जाते, तोडलेली भाजी त्याच दिवशी पेठेत विकली जाते, अडलेली बाळंतीण तासाभरात तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचते. सडक नव्हती तेव्हा ह्यांपैकी एकही गोष्ट सुलभ नव्हती. परंतु प्रत्येक सोयीचे काही मोल द्यावे लागते, आणि सडकेचे मोल आपण कोणत्या नाण्यात देत आहो ह्याचा हिशेब मात्र शेतकरी वर्गाने अद्याप मांडलेला दिसत नाही. खताचा, बियाण्याचा व मजुरीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. रस्त्यावर गेलेल्या कर्त्या माणसाचा हिशेब मात्र 'दैवाची गती' म्हणून बंद करून टाकतो. हे बरे नव्हे. म्हणून ह्या अंकी ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये हिंदुस्थानात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७ माणसे दुचाकी मोटारींवरील होती व ३२,८२५ पायी चालणारी होती. सायकलस्वारांची संख्या ह्यांत मिळविली म्हणजे असे दिसते की, दर तीन मृतांमध्ये जवळजवळ दोघे असे होते, की ज्यांच्या अंगाभोवती लोखंडी पत्र्याचे कवच नव्हते. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात पंधरा हजारांवर माणसे रस्त्यावर दगावली. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. अपघात म्हटला की शहरातील गर्दी डोळ्यांपुढे येते. परंतु देशातील ह्या मृत्यूंपैकी सुमारे दोनतृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात घडले. तात्पर्य, हा प्रश्न मुंबई-पुण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो आपल्या शिवारातून जाणाऱ्या सडकेचा आहे.

वेग आणि उजेड यांचे गणित

अपघात का होतो, ह्याचे उत्तर पुष्कळदा 'चालक बेफाम होता' एवढ्यावरच संपविले जाते. चालक बेफाम असतात हे खरेच. परंतु सावध चालकाच्याही हातून माणूस मरतो तो कसा, हे समजून घेतले पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर ते ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत निदान एक सेकंद जातो. त्यापुढे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पुरती थांबण्यास आणखी २३-२४ मीटर लागतात. म्हणजे एकंदर ४० मीटर झाले. वेग ताशी ४० असता हेच अंतर २२ मीटरांच्या आसपास येते, आणि ८० असता ते ६४ मीटरांपर्यंत जाते. रस्ता ओला, वाळू पसरलेली किंवा टायर गुळगुळीत झालेले असले म्हणजे तर विचारावयासच नको.

आता दुसरी बाजू पाहा. अंधाऱ्या रात्री, समोरून दुसरे वाहन येत असताना, गाडीचे दिवे खाली केलेले असतात. अशा उजेडात काळी घोंगडी किंवा गडद लुगडे अंगावर असलेला माणूस जेमतेम पंचवीस-तीस मीटरांवर नजरेस पडतो. थांबण्यास पाहिजेत ४० मीटर आणि दिसतो ३० मीटरांवर! ह्या दहा मीटरांच्या तुटीतच माणसाचा जीव जातो. चालकाची इच्छा कितीही चांगली असली तरी ही तूट तिने भरून निघत नाही. ती भरून काढण्याचे मार्ग दोनच: वाहनाचा वेग कमी करणे, आणि चालणारा माणूस दुरून दिसेल असे करणे. शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे आघात दुप्पट होत नसून चौपट होतो, हेही विसरता कामा नये.

पायी चालणारा

रस्ता हा मूळचा पायी चालणाऱ्याचा. गाडी, घोडा व मोटार ही सर्व मागाहून आली. तथापि आज परिस्थिती अशी झाली आहे, की ज्याच्या पायाखालून रस्ता निर्माण झाला तोच त्यावर उपरा ठरला आहे. महामार्ग रुंद झाले, परंतु गावाजवळ माणसांनी चालावे कोठून, हा विचार आराखड्यात क्वचितच दिसतो. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातून कार्तिकी वारीसाठी पंढरपुरास पायी निघालेल्या दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ सायंकाळी मोटार घुसून सात वारकरी मृत्यू पावले. शेकडो वर्षे ज्या वाटेने वारकरी चालत आले, त्या वाटेवर त्यांना चालण्यापुरती निर्वेध जागा नसावी, हे महाराष्ट्राला भूषणावह नाही.

कायद्याचे म्हणणे मात्र पादचाऱ्याच्या बाजूचे आहे. सन २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांप्रमाणे पादचारी ओलांडणीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्यास वाट देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की पादचाऱ्यास चालण्याजोगा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात सांगितलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग होय. म्हणजे शाळेपुढे, बाजारतळाजवळ अथवा बसथांब्यापाशी पदपथ व ओलांडणीचे पट्टे मागणे ही याचना नसून तो हक्क आहे, आणि ग्रामसभेने तो त्याच भाषेत मागितला पाहिजे.

हक्क मिळेपर्यंत जीव सांभाळणे मात्र आपल्या हाती आहे. जेथे पदपथ नाही तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन डोळ्यांना दिसते. डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीवर मृत्यू केव्हा येतो ते त्यास कळतही नाही. पहाटे किंवा रात्री निघताना अंगावर पांढरे वस्त्र असावे व हातात विजेरी असावी. रात्रपाळीच्या विजेमुळे पाणी धरण्यास अवेळी जावे लागणाऱ्या शेतकऱ्याने तर विजेरी ही खोऱ्याइतकीच आवश्यक समजावी. दिंडी, मिरवणूक अथवा मजुरांची टोळी चालत असेल तेव्हा पुढे एक व मागे एक असे दोन दिवेकरी अवश्य असावेत.

सायकलस्वार

सायकलीचा उपयोग आज थोरांत कमी झाला असला, तरी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींत तो पुष्कळच आहे. सायकलीला दिवा नाही, घंटी नाही, मागील लाल काच फुटून गेलेली आणि ब्रेकचे रबर झिजलेले, अशा स्थितीत आपण मुलांस महामार्गावर पाठवितो. मागील चिखलपंख्यावर लाल आणि पुढे पांढरी अशा रेडियमच्या पट्ट्या चिकटविण्यास फारसा खर्च येत नाही. दोन-तीन मुलांनी गप्पा मारीत शेजारी शेजारी सायकली हाकू नयेत, एकामागे एक जावे. आणि शेतवाटेने महामार्गावर चढताना एक पाय टेकवून दोन्हीकडे पाहावे, एवढी शिस्त घरातूनच लावली पाहिजे.

मोटारसायकलस्वार

आजच्या शेतकऱ्याचे खरे वाहन म्हणजे मोटारसायकल. तीवर दुधाचे कॅन जातात, वैरणीचे भारे जातात, खताचे पोते जाते आणि प्रसंगी संपूर्ण कुटुंबही जाते. कायद्याने तिच्यावर हाकणाऱ्यामागे एकच माणूस बसावा असे सांगितले आहे. हाकणारा व मागे बसणारा ह्या दोघांनीही हेल्मेट घालणे बंधनकारक असून, चार वर्षांवरील मुलेही ह्या नियमातून सुटलेली नाहीत. हेल्मेटविषयी आपल्यात एक विपरीत समज आहे, की ते शहरातील पोलिसांसाठी घालावयाचे. शेतावर चार किलोमीटर जावयाचे तर त्याची काय गरज? परंतु डोके आपटते ते अंतर पाहून आपटत नाही. निरनिराळ्या देशांतील संशोधनाची एकत्र छाननी करून वैद्यकशास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे, की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. एवढ्या टक्क्यांनी रोग आटोक्यात आणणारे औषध पिकासाठी मिळाले, तर आपण ते कर्ज काढूनही फवारू! हेल्मेट आय.एस.आय. चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट आपटण्यापूर्वीच उडून जाते.

अल्पवयीन मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या बापास आम्ही स्पष्टच सांगतो. सन २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा गुन्ह्यात मुलाचा पालक किंवा वाहनाचा मालक हाच दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. लाडाचे हे मोल फार जबर आहे.

आपल्याच हातचे अपराध

येथवर आपण शेतकऱ्यास दुबळ्यांच्या रांगेत उभे केले. आता त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जो शेतकरी पहाटे पायी चालताना दुबळा असतो, तोच सकाळी ट्रॅक्टरवर बसला म्हणजे बलवान होतो. उसाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर व उसाने लादलेल्या टायरगाड्या रात्रंदिवस चालू होतात. त्यांतील कित्येकांस मागे दिवा नसतो, आणि असलाच तर तो उसाच्या वाढ्यांखाली झाकून गेलेला असतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास ती ट्रॉली म्हणजे काळोखात उभी असलेली भिंतच होय. पूर्वी रात्री निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगण्याची चाल होती. त्या मिणमिणत्या कंदिलात जे शहाणपण होते, ते शंभर अश्वशक्तीपर्यंत मजल गेलेल्या आपल्या यंत्रयुगात नाहीसे व्हावे, हे नवल होय!

ह्याशिवायही आपल्या काही सवयी आहेत. बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून चाकामागे धोंडे लावावयाचे, व दुरुस्ती झाल्यावर ते धोंडे तसेच टाकून जावयाचे. सोयाबीन, ज्वारी वा तूर मळणीसाठी डांबरी रस्त्यावर पसरावयाची, आणि रात्री तिच्याभोवती दगडांची ओळ लावावयाची. नांगरटीनंतर चाकांचा चिखल सडकेवर सांडीत जावयाचे, आणि तीवर घसरून पडणाऱ्याकडे पाहावयाचेही नाही. ह्यांतील एकेक सवय म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दारात ठेवलेला सुतकाचा निरोप आहे.

आणि जे केवळ माणुसकीच्या विचाराने वळणार नाहीत, त्यांनी निदान सातबाराचा विचार करावा. वाहनाचा तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना आपल्या ट्रॅक्टरने अपघात झाला, तर नुकसानभरपाईची संपूर्ण रक्कम मालकाच्या बोकांडी बसते. मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे ती न भरल्यास न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यास दाखला देते, आणि जिल्हाधिकारी ती जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतो. ह्याचा अर्थ जमीनदार वाचकांस फोड करून सांगावयास नको. विम्याचे थोडे पैसे वाचविण्यासाठी वाडवडिलांची जमीन पणास लावणे हा व्यवहार नव्हे. ट्रॅक्टर व ट्रॉली ह्या दोहोंची नोंदणी व विमा स्वतंत्रपणे तपासून पाहावा. आणखी असे, की शेतीकामासाठी उतरलेल्या विम्यात ट्रॉलीत किंवा चिखलपंख्यावर बसविलेल्या माणसांची जोखीम सामान्यतः धरलेली नसते. मजूर, वऱ्हाडी वा यात्रेकरू ट्रॉलीत भरून नेणाऱ्याने ही जोखीम आपण स्वतः घेत आहो हे जाणून असावे.

अपघात झाल्यावर काय करावे

हक्क पुष्कळ आहेत. परंतु ते माहीत नसल्यामुळे व वेळेवर न मागितल्यामुळे वाया जातात. म्हणून त्यांतील मुख्य मुख्य येथे देतो.

पहिली गोष्ट उपचाराची. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या एका तासाला कायद्याने 'सुवर्ण तास' म्हटले आहे, कारण त्यात योग्य उपचार मिळाल्यास प्राण वाचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. १०८ किंवा ११२ ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे, मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या माणसास नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. मदत करणाऱ्याने 'पोलिसांचे लचांड मागे लागेल' असे भय बाळगू नये. कायद्याच्या १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले असून, त्याच्यावर नाव सांगण्याची अथवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

दुसरी गोष्ट फिर्यादीची. येथेच आपले लोक सर्वाधिक फसतात. अपघात झाला, की गावातील चार मंडळी बसतात, 'कोर्टकचेरी कशाला' असे म्हणतात, काही हजारांवर बोळवण होते आणि फिर्याद होत नाही. पुढे शस्त्रक्रियेचे देणे चुकविण्यास जनावरे विकावी लागतात, तेव्हा हाती कागदाचा कपटाही नसतो. आमचे आग्रहाचे सांगणे असे, की समेट करावयाचा तर खुशाल करावा, पण फिर्याद, पंचनामा व वैद्यकीय दाखला ह्यांच्या नंतर करावा, त्यापूर्वी नव्हे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो; तो गेला की नाही ह्याची चौकशी करण्याचा आपणांस हक्क आहे.

तिसरी गोष्ट भरपाईची. १६६ व्या कलमाखालील दावा जेथे अपघात झाला तेथील, अथवा दावेदार राहतो तेथील मोटार अपघात न्यायाधिकरणातही लावता येतो. दूरच्या जिल्ह्यात हेलपाटे घालण्याची गरज नाही. सन २०१९ च्या दुरुस्तीने ह्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. ह्या मुदतीवरून न्यायालयांत वाद निघाले आहेत, तरी शहाण्याने वादाच्या भरवशावर न राहता मुदतीच्या आतच दावा दाखल करावा. चालकाची चूक सिद्ध करणे कठीण असेल, तर १६४ व्या कलमाप्रमाणे ती सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून सातबारा, कारखान्याची उसाची बिले, दूध संस्थेचे पुस्तक व बाजार समितीच्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. 'जमीन तर वारसांकडे राहिलीच, मग नुकसान कसले?' असा युक्तिवाद समोरून हटकून होतो; त्यास उत्तर हे, की जमीन राहिली तरी ती पिकविणारा हात व तीवरील देखरेख गेली, आणि तिचे मोल धरले जाते. घर व शेत सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचेही मोल भरपाईत धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सन २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे.

चौथी गोष्ट पळून गेलेल्या वाहनाची. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर सर्व संपले असे समजू नये. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख व गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार ह्यांच्या कचेरीत अर्ज करावयाचा असतो.

पाचवी गोष्ट खास शेतकऱ्यांची. महाराष्ट्र शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती ह्यांस अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळण्याची सोय आहे. प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत जावा लागतो. दुःखाचे दिवस असले तरी घरातील एखाद्या शहाण्या आप्ताने हे काम अंगावर घ्यावे. मृत इसम स्वतः वाहन हाकीत असल्यास त्याचा परवाना पाहिला जातो, हेही ध्यानात असावे.

गावाने काय करावे

एकट्याने करावयाचे ते सांगितले. आता सर्वांनी मिळून करावयाचे थोडे सांगतो. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरांच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर ती जागा अपघातप्रवण म्हणून गणली जाते व तिच्या सुधारणेची जबाबदारी सरकारवर येते. परंतु ही गणना पोलिसांच्या दप्तरावरून होते. ज्या अपघाताची फिर्याद नाही, तो सरकारच्या लेखी घडलाच नाही! गावकीत मिटविलेला प्रत्येक अपघात त्याच वळणावरच्या पुढच्या अपघाताला वाट मोकळी करून देतो, ही गोष्ट समेट करविणाऱ्या मंडळींनी मनाशी वागवावी. रस्त्याच्या बांधणीत वा निगेत सुरक्षिततेचे ठरलेले मान न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर १९८-अ कलमाप्रमाणे त्या अधिकाऱ्यास वा ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामसभेने धोक्याच्या जागांची यादी ठरावासह लेखी पाठविली, की पुढे 'आम्हांस माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय कोणास उरत नाही.

साखर कारखाने, दूध संस्था व सेवा सोसायट्या ह्यांनीही आपला वाटा उचलावा. मागे रेडियमची पट्टी व चालू दिवा नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये, एवढा एक नियम कारखान्याने मनावर घेऊन पाळला, तरी एका हंगामात किती घरे वाचतील! दूध संस्थेने सभासदास वार्षिक भेट म्हणून स्टीलचे भांडे देण्याऐवजी एक वर्ष हेल्मेट द्यावे. भांड्यापेक्षा डोके अधिक मोलाचे आहे.

बांधावरून जाणाऱ्या पाण्याच्या पाटाला जसा वरच्याचा व खालच्याचा हक्क असतो, आणि वरच्याने पाणी तोडले तर खालच्याचे पीक जळते, तसाच हा रस्ता आहे. येथे जो वेगवान व वजनदार तो वरचा, आणि जो पायी तो खालचा. वरच्याने आपले कर्तव्य प्रथम करावे, हा पाण्याचा न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. तोच सडकेला लावावयाचा आहे. येत्या हंगामात ट्रॅक्टर बाहेर काढण्यापूर्वी मागचा दिवा एकदा लावून पाहावा, पट्टी चिकटवावी, विम्याचा कागद उघडून त्यावरील तारीख वाचावी, आणि घरातून निघणाऱ्या माणसाच्या हाती विजेरी द्यावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.